न आलेली साथ

जव्हार-मोखाड्यात भातकापणी आटोपून दिवाळी झाली, की पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कुष्ठरोग या डोंगराळ पट्ट्याला नवा नाही. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली व पुढे मुंबईत ती पसरली. तेव्हा असा प्रश्न उभा राहिला, की स्थलांतराच्या वाटेने हा विषाणू अशा भागांत पोचला, तर कुष्ठरोगाचे काय होईल?

या भीतीला शास्त्रीय आधार होता. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. दोघांनाही रोखण्यात रक्तातील सीडी-४ पेशींचा मोठा वाटा असतो आणि एच.आय.व्ही. नेमका त्याच पेशींचा नाश करतो. एच.आय.व्ही.मागोमाग क्षय झपाट्याने वाढला होता. मग कुष्ठरोगही वाढेल, आणि तोही अंगभर पसरणारा, असे आम्हा संशोधकांना वाटले तर नवल नाही.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. आफ्रिकेत व भारतात झालेल्या बहुतेक पाहण्यांत कुष्ठरुग्णांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण इतरांहून फारसे वेगळे आढळले नाही. असे का झाले असावे? कुष्ठरोगाचा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात आणि लक्षणे दिसायला कित्येक वर्षे. उपचारांअभावी एड्सचा रुग्ण बहुधा त्याआधीच दगावत असे. हे एक उत्तर झाले. पण कोडे त्याने पुरते सुटत नाही.

खरा धक्का पुढेच होता. एच.आय.व्ही.वरील प्रभावी औषधे आली. भारतात १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागली. प्रतिकारशक्ती सावरू लागली आणि काही रुग्णांत दडून राहिलेला कुष्ठरोग त्यानंतरच्या काही महिन्यांत उघडा पडला. चट्टे लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या. म्हणजे दोन रोगांचे नाते दिसले ते प्रतिकारशक्ती ढासळताना नव्हे, तर ती परतताना! अशा वेळी औषधे सोडायची नसतात. दोन्ही उपचार बरोबरच चालवावे लागतात.

समाजाने मात्र हे नाते फार आधी जोडले होते. निराधार कुष्ठरुग्णांना कोंडण्याची मुभा १८९८ च्या कायद्याने दिली होती. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एच.आय.व्ही.बाधित म्हणून दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले गेले.

म्हणून शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे : आश्रमशाळेतील मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. चट्ट्याचा अर्थ एच.आय.व्ही. नव्हे. कुष्ठरोगाची औषधे मोफत मिळतात व वेळीच घेतल्यास व्यंग टळते. आणि त्या मुलाला वर्गातून उठवण्याचे कारण नाही.