स्मार्ट वीजजाळ्यांची संदेशवहन मानके

स्मार्ट वीजजाळ्यांची संदेशवहन मानके म्हणजे वीजनिर्मिती केंद्र, उपकेंद्र, रोहित्र, वाहिनी आणि ग्राहकाचा मीटर यांनी परस्परांना कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात व किती वेळात द्यावी, यासंबंधी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले लेखी नियम होत. वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकाच जाळ्यात एकत्र काम करू शकावीत, हा त्यांचा मुख्य हेतू आहे. ही मानके प्रामुख्याने जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग म्हणजेच आयईसी ही संस्था तयार करते. भारतात भारतीय मानक ब्यूरो ती स्वीकारते किंवा त्यांवर आधारित भारतीय मानके प्रसिद्ध करते.

आवश्यकता

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अवघड असल्यामुळे निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. भारतात या समतोलाची खूण म्हणजे ५० हर्ट्झ ही वारंवारिता होय. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती वाढली की चढते. पूर्वी वीज मोठ्या केंद्रांकडून ग्राहकाकडे एकाच दिशेने वाहत असे. सौर व पवन ऊर्जा, साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती आणि घरांच्या छपरांवरील सौर संच यांमुळे ती आता अनेक ठिकाणांहून जाळ्यात येते. अशा जाळ्याचे नियमन करण्यासाठी विजेबरोबर माहितीचाही प्रवाह दोन्ही दिशांनी असावा लागतो.

३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे लागोपाठ दोनदा कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातील जाळीही त्यात सापडली आणि सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले व संपूर्ण भारत एका वारंवारितेवर आला. जाळे जितके मोठे, तितकी त्यातील उपकरणांना समान भाषेची गरज अधिक असते.

इतिहास

आयईसीची स्थापना १९०६ साली झाली. वीजयंत्रणेतील संदेशवहनासाठी या संस्थेने १९६४ साली तांत्रिक समिती ५७ नेमली. दूरस्थ उपकेंद्राची माहिती नियंत्रण केंद्राकडे पाठवण्यासाठी या समितीने ६०८७०-५-१०१ हे मानक १९९५ मध्ये आणि संगणकीय जाळ्यांवर चालणारे ६०८७०-५-१०४ हे मानक २००० मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत याच कामासाठी डीएनपी३ हा संकेत रूढ झाला. पुढे त्याला आयईईई १८१५ असा क्रमांक मिळाला.

अमेरिकेतील विद्युत संशोधन संस्थेने स्वतंत्रपणे उपकेंद्रांसाठी एक संदेशवहन रचना तयार केली होती. जगात दोन स्पर्धक मानके निर्माण होऊ नयेत, यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही रचना आणि आयईसीचे काम एकत्र करण्यात आले. त्यातून आयईसी ६१८५० हे मानक साकारले. २००७ साली अमेरिकी काँग्रेसने कायद्याद्वारे परस्परसुसंगतीचा आराखडा आखण्याचे काम तेथील राष्ट्रीय मानक संस्थेकडे सोपवले. त्याची पहिली आवृत्ती २०१० मध्ये निघाली. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरांसाठी व २०११ मध्ये स्मार्ट वीजजाळ्यांसाठी युरोपीय मानक संस्थांना अधिकृत आदेश दिले.

प्रमुख मानके

आयईसी ६१८५० : हे उपकेंद्रांच्या स्वयंचलनाचे मानक आहे. यात खंडक, रोहित्र, संरक्षक रिले इत्यादी प्रत्येक घटकाला ठरावीक नाव व ठरावीक माहितीरचना दिलेली असते. वाहिनीत बिघाड झाल्यास एक रिले दुसऱ्या रिलेला काही मिलिसेकंदांत सूचना देऊ शकतो. पूर्वी याच कामासाठी उपकेंद्रात तांब्याच्या असंख्य तारा ओढाव्या लागत. जलविद्युत केंद्रे आणि विकेंद्रित निर्मिती यांसाठी या मानकाचे स्वतंत्र भाग आहेत.

आयईसी ६१९७० व ६१९६८ : नियंत्रण केंद्रे व वितरण कंपन्या यांच्या संगणक प्रणालींना वीजजाळ्याचे एकच समान वर्णन वापरता यावे, यासाठीची मानके.

आयईसी ६२०५६ : मीटर वाचनाचे मानक. यात प्रत्येक मोजमापाला सहा अंकगटांचा संकेत असतो. उदाहरणार्थ, ग्राहकाने वापरलेल्या एकूण युनिटांचा संकेत १.०.१.८.०.२५५ असा आहे. मीटर कोणत्याही कंपनीचा असला तरी हा संकेत विचारल्यावर तो त्याच राशीचे उत्तर देतो.

आयईसी ६२३५१ : संदेशांच्या सुरक्षिततेचे मानक. जुन्या मानकांत संदेश खरा आहे की बनावट, हे ओळखण्याची सोय नव्हती. ती यामुळे झाली. २०१६ मध्ये युक्रेनच्या वीजयंत्रणेवर झालेल्या सायबर हल्ल्यातील घातक प्रणाली १०४ व ६१८५० या मानकांच्याच भाषेत उपकरणांना आज्ञा देऊ शकत होती.

भारतातील मानकीकरण

भारतात मीटर उत्पादकांचे संकेत दीर्घकाळ एकमेकांहून भिन्न होते. त्यामुळे वितरण कंपनीला प्रत्येक उत्पादकाची वाचनप्रणाली वेगळी सांभाळावी लागे व एकदा खरेदी केलेल्या कंपनीवरच अवलंबून राहावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी आयईसी ६२०५६ वर आधारित आयएस १५९५९ हे भारतीय मानक २०११ साली प्रसिद्ध झाले. स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे मानक २०१५ मध्ये आले. राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड अभियानाची स्थापनाही त्याच वर्षी झाली. देशात निवडलेल्या १४ पथदर्शी प्रकल्पांत महाराष्ट्रातून महावितरणच्या बारामती येथील प्रकल्पाचा समावेश होता. २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत कृषिग्राहक वगळून २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील संदर्भ

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत वीजजाळ्याचे बहुतेक घटक एकत्र आढळतात. घोड नदीवरील डिंभे धरणावर ५ मेगावॉटचे आणि कुकडी नदीवरील माणिकडोह धरणावर ६ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे ऊस व भाजीपाल्याचे क्षेत्र वाढले असून कृषिपंप हा येथील विजेचा मोठा ग्राहक आहे.

महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांना तीन-फेज पुरवठा चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, देण्याची पद्धत रूढ झाली. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असल्याने रात्री पाणी धरण्यासाठी शेतात जाणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, ही येथील शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळील सौर प्रकल्पातून कृषी वाहिनीला दिवसा पुरवठा करण्याची तरतूद आहे. ढगांमुळे सौरनिर्मिती अचानक घटली, तर ते उपकेंद्राला व भार प्रेषण केंद्राला तत्काळ कळावे लागते. मानकांचा उपयोग येथे प्रत्यक्ष दिसतो.

वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून अनेक शेतकरी ऑटो स्विच बसवतात. पुरवठा सुरू होताच सर्व पंप एकदम चालू झाल्याने रोहित्रावर भार येतो व ते जळण्याचा संभव असतो. मोबाईलवरून पंप सुरू-बंद करणारी यंत्रेही प्रचारात आहेत. तथापि, ही साधने शेतकरी आणि त्याचा पंप यांच्यापुरतीच असतात. रोहित्राची क्षमता पाहून पंप टप्प्याटप्प्याने सुरू करायचे असल्यास पंप, रोहित्र व वाहिनी यांच्यात समान संकेत लागतो. राज्यातील अनेक कृषी जोडण्यांना मीटर नसून त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. म्हणून शेतीच्या वीजवापराचा अंदाज घेण्यासाठी वाहिनीवरील व रोहित्रावरील मीटरांना विशेष महत्त्व आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे, हे जागेच्या निवडीचे एक कारण होते. उच्चदाब तारांवरील ठिणग्यांमुळे दुर्बिणीच्या निरीक्षणांत व्यत्यय येतो. स्मार्ट मीटरांच्या रेडिओ पद्धतीत ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा परवानामुक्त पट्टा वापरला जातो, तर दुर्बिणीचा एक निरीक्षणपट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आहे. हे दोन्ही पट्टे जवळजवळ असल्याने या परिसरात संदेशवहनाचे माध्यम निवडताना दुर्बिणीचा विचार आवश्यक ठरतो. याच तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले होते. परदेशांशी दूरसंचार साधणारे हे केंद्रही आंतरराष्ट्रीय उपग्रह संघटनेच्या समान तांत्रिक निकषांवरच चालत असे.

मर्यादा व आक्षेप

मानक एकच असले तरी त्यातील ऐच्छिक भाग उत्पादक वेगवेगळ्या प्रकारे वापरतात. त्यामुळे प्रत्यक्ष चाचणीविना परस्परसुसंगतीची खात्री देता येत नाही. आयएस १५९५९ मध्ये माहितीची रचना ठरलेली असली, तरी ती वाहून नेणारे माध्यम मोबाईल जाळे, रेडिओ किंवा वीजवाहक तार यांपैकी कोणतेही असू शकते. सह्याद्रीच्या दऱ्यांतील विखुरलेल्या वाड्यावस्त्यांत मोबाईल संकेत क्षीण असल्यास मीटरचे वाचन वेळेवर पोहोचत नाही. आयईसीच्या मानकांच्या प्रती विकत घ्याव्या लागतात व त्या मराठीत उपलब्ध नसल्याने लहान उद्योजक व तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी यांना त्यांचा अभ्यास अवघड जातो.

ग्राहकांच्या वीजवापराच्या तपशिलावरून घरातील व्यवहारांचा अंदाज बांधता येत असल्याने खाजगीपणाचा प्रश्नही उपस्थित होतो. महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरना झालेल्या विरोधानंतर, सर्वसामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवले जाणार नाहीत, असे राज्य शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले. आगाऊ पैसे भरण्याची पद्धत हा दराच्या व देयकाच्या धोरणाचा भाग असून संदेशवहन मानकांत ती अनिवार्य नाही. एकच मानक पाळणारा मीटर प्रीपेड व पोस्टपेड अशा दोन्ही पद्धतींनी वापरता येतो.