नायट्रोफ्युरंटॉइन

नायट्रोफ्युरंटॉइन : मूत्राशयाच्या जंतुसंसर्गावर तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक. नायट्रोफ्युरान गटातील हे पिवळे स्फटिकरूप औषध अमेरिकेत १९५३ साली वापरात आले. भारतात ते निफ्टास, मार्टीफर अशा नावांच्या कॅप्सूल-गोळ्यांत मिळते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते.

याची सगळी कथा एका वैशिष्ट्याभोवती फिरते : हे औषध काम करते ते लघवीत. आतड्यातून रक्तात गेले की मूत्रपिंडे ते इतक्या झपाट्याने बाहेर काढतात की रक्तात जंतू मरण्याइतके प्रमाण साठतच नाही. घेतलेल्या मात्रेचा सुमारे ४० टक्के भाग मात्र जसाच्या तसा लघवीत उतरतो आणि तिथे त्याची धार मोठी असते. जंतूंच्या शरीरातली विकरे या औषधाचे रूपांतर अतिक्रियाशील रेणूंत करतात. हे रेणू प्रथिने, रायबोसोम आणि डीएनए यांच्यावर एकाच वेळी हल्ला करतात. एवढ्या बाजूंनी बचाव करणे जंतूला जड जाते. सत्तर वर्षे उलटूनही ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गातला मुख्य जंतू या औषधाला बराचसा दबतो, याचे हे मोठे कारण आहे. प्रोटियस आणि स्यूडोमोनास या जंतूंवर मात्र त्याचा उपयोग नाही.

मधल्या काळात नवी प्रतिजैविके आली आणि हे औषध मागे पडले. त्या नव्या औषधांना जंतू सरावले तसे डॉक्टर पुन्हा याच्याकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली, तेव्हा नायट्रोफ्युरंटॉइन पहिल्या, म्हणजे सहज उपलब्ध असावीत अशा औषधांच्या गटात ठेवले.

लघवीला जळजळ होणे, घाईने जावे लागणे आणि थेंब थेंब होणे, याला घरात ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धणे-जिऱ्याचे पाणी किंवा जवाचे पाणी प्यायला दिले जाते. त्याने बरे वाटू शकते, पण लघवीत जंतू वाढले असतील तर तेवढ्यावर भागेलच असे नाही. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने हा त्रास त्यांना अधिक होतो. बाजारात, एसटी स्टँडवर, शेतात स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया तर यात हमखास सापडतात. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी घेऊन उभी राहिली. तो प्रश्न या रोगाच्या मुळाशी भिडणारा होता.

नेहमीच्या, गुंतागुंत नसलेल्या संसर्गात हळूहळू विरघळणारी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस दिली जाते. दिवस किती, हे डॉक्टर ठरवतात. कॅप्सूल जेवणासोबत किंवा दुधाबरोबर घ्यावी. अन्नासोबत औषध अधिक चांगले शोषले जाते आणि मळमळही कमी होते. ती फोडून किंवा चावून खाऊ नये. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नये, तो औषधाचाच रंग असतो. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली म्हणून उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवून देणे ही घरोघरची सवय घातक आहे, आणि त्या पुढच्या वेळी जावेला किंवा शेजारणीला देणे त्याहून घातक.

एक चूक सहज नजरेआड होते. जळजळीसाठी सायट्रेटचे सिरप घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते लघवी अल्कधर्मी करते आणि हे औषध आम्लधर्मी लघवीत अधिक प्रभावी ठरते. म्हणजे एक औषध दुसऱ्याचे बळ कमी करते. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली पित्ताची गोळीही त्याचे शोषण घटवते. घरात चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावे, ते यासाठी.

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या ही लक्षणे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची असू शकतात. तिथल्या ऊतींत हे औषध पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे उपचारच वेगळा लागतो. मूत्रपिंडे दुबळी असतील तरी पंचाईत होते : लघवीत औषध कमी उतरते आणि अंगात साठून अपाय करते. ब्रिटनमध्ये मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ४५ मिलिलिटरच्या खाली असल्यास ते टाळतात, आणि ३० ते ४४ च्या दरम्यान अगदी निवडक रुग्णांना थोडे दिवस, जपून देतात. म्हणून वयस्कर माणसांत व मधुमेहींत आधी मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहून घेणे शहाणपणाचे.

गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि महिन्याच्या आतल्या बाळाला हे औषध देत नाहीत, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याची भीती असते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्यांनाही तोच धोका. ही उणीव महाराष्ट्राला परकी नाही. तिचा एक प्रकार ‘केरळ-कल्याण’ या नावाने ओळखला जातो, त्यातले कल्याण आपल्या ठाणे जिल्ह्यातले.

औषध सुरू असताना धाप, कोरडा खोकला व ताप, कातडी किंवा डोळे पिवळे पडणे, हातापायांना मुंग्या येणे किंवा अंगावर पुरळ उठणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची कॅप्सूल न घेता लगेच डॉक्टर गाठावेत. फुप्फुसाची तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्याच आठवड्यात येते. वारंवार संसर्ग होतो म्हणून काहींना महिनोन्‌महिने रोज रात्री छोटी मात्रा देतात. त्यांच्यात मात्र फुप्फुसे हळूहळू ताठरण्याचा आणि यकृत बिघडण्याचा धोका असतो, त्यामुळे श्वासाची व यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते. आणि लघवीतली साखर बेनेडिक्ट द्रावणाने तपासणाऱ्या प्रयोगशाळेला औषधाचे नाव आधी सांगावे, नाहीतर मधुमेह नसतानाही चाचणी साखर दाखवू शकते.