रुग्णाची वही कोणाची?

आमच्या सीमाभागात आजारी माणसाबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवीही प्रवास करते. बेळगावचे केसपेपर, मिरजेचा एक्स-रे, बांबोळीचे रक्ताचे रिपोर्ट, सारे त्या पिशवीत. तीन राज्यांतल्या दवाखान्यांना जोडणारा पुष्कळदा तेवढाच दुवा. तो हरवला की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून!

रुग्णाची नोंद ही एके काळी डॉक्टरची वही होती. अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्येही प्रत्येक डॉक्टरची खातेवही निराळी असे; एकाच रुग्णाची हकिगत चार वह्यांत विखुरलेली. १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी ही रीत मोडली. रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली त्याचे सगळे कागद एकत्र. वही डॉक्टरच्या नावावरून रुग्णाच्या नावावर आली, ती अशी. पुढे १९६८ मध्ये डॉ. लॉरेन्स वीड यांनी आग्रह धरला, की कागद नुसते एकत्र असून भागत नाही. रुग्णाच्या तक्रारींची क्रमवार यादी आरंभीच हवी. म्हणजे नव्या डॉक्टरलाही ती वाचून पुढचे पाऊल टाकता येते.

आपल्याकडे २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णांची कागदपत्रे ३ वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ आकडी ‘आभा’ क्रमांक घरोघरी पोचू लागला. या योजनेत कागद एका कोठारात गोळा होत नाहीत. ते ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली, तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. प्लमरांचा क्रमांक एका संस्थेपुरता होता. हा राज्यांच्या सीमा ओलांडतो. आम्हाला त्याचे अप्रूप वाटणारच.

मात्र सारी भिस्त त्या संमतीवर आहे. मोबाइलवर आलेला आकडा आजी नातवाला दाखवते, नातू तो खिडकीतल्या माणसाला सांगतो आणि संमती होऊन जाते. कोणते कागद, कोणाला, किती दिवस, हे कोणी विचारत नाही. क्षय किंवा मनाचा आजार गावात फुटला, तर ठरलेली सोयरीक मोडते, हे आपण जाणतोच. म्हणून आकडा सांगण्याआधी हे तीन प्रश्न मराठीत वा कानडीत, पण खणखणीतपणे विचारावेत. पिशवीची गाठ निदान आपल्या हाताने सुटत होती!