भूगर्भातील गूढ आवाज

जमिनीच्या पोटातून येणारा, उगम न दिसणारा गुरगुराट किंवा धमाका. अमरावती जिल्ह्यातील ठळक उदाहरण मेळघाटातल्या साद्राबाडीचे (ता. धारणी). ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे आवाजांसोबत सौम्य हादरे बसू लागले आणि गाव धास्तावले. कारण निघाले लहान, उथळ भूकंपांची मालिका.

माणसाला साधारण २० हर्ट्झच्या वरचाच ध्वनी ऐकू येतो. छोट्या भूकंपाच्या प्राथमिक तरंगांत इतकी वारंवारता असते. केंद्र उथळ आणि वर कठीण काळा पाषाण असेल, तर हे तरंग फारसे न विरता पृष्ठभागी पोचतात व हवेत आवाज उमटवतात. म्हणूनच कधीकधी धक्का न जाणवता नुसताच ‘धुडूम’ ऐकू येतो. पावसाचे पाणी भेगांत मुरून दाब वाढतो व खडक सरकतो, ही उपपत्ती पावसाळ्यातल्या मालिकांना बरीच लागू पडते. खदानीचा वा विहिरीचा सुरुंग, ध्वनीहून वेगवान विमान या शक्यता मात्र आधी तपासाव्यात. जिल्ह्यातल्याच नांदगाव खंडेश्वरसारख्या पाषाणी मुलखात सुरुंग नवा नाही.

समुद्रातल्या गूढ आवाजामागेही असेच नैसर्गिक कारण निघते. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात टिपलेल्या ‘ब्लूप’ ध्वनीवर अजस्र प्राण्याच्या कथा रचल्या गेल्या. तो अंटार्क्टिकचा बर्फ तडकण्याचा आवाज ठरला.

लहान भूकंपांच्या बहुतेक मालिका आपोआप शमतात. पण किल्लारीला १९९३ च्या विनाशकारी भूकंपाआधी, १९९२ मध्ये, लहान धक्के बसले होते. तेव्हा आवाज ऐकल्यास वेळ टिपून तहसील कार्यालयाला कळवावे.