कोल्हापूर संस्थानातील जबाबदार राज्यपद्धती

ब्रिटिश अधिसत्तेखालील कोल्हापूर संस्थानात लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेले शासन स्थापन करण्यासाठी झालेले प्रयत्न. परकीय सत्तेच्या वर्चस्वाखाली, जातिभेदाने दुभंगलेल्या समाजात लोकशाही रुजू शकते काय, या प्रश्नाच्या दृष्टीने हे उदाहरण उद्‌बोधक आहे.

राजकीय चौकट : १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांचे युद्ध व तहाचे स्वातंत्र्य संपुष्टात आले. १८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर कारभारावर इंग्रजांची प्रत्यक्ष देखरेख आली व किल्ले निकामी करण्यात आले. १८६२ च्या कराराने छत्रपतींना अधिकार परत मिळाले. तथापि महत्त्वाच्या सर्व बाबतींत इंग्रज सरकारचा सल्ला मानणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. त्यामुळे राजा अधिसत्तेला उत्तरदायी राहिला. प्रजेला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. कोल्हापुरात १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली होती. परंतु राज्याच्या धोरणावर लोकांचे नियंत्रण नव्हते.

सामाजिक पाया : राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये अधिकारसूत्रे हाती घेतली, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. १९१२ पर्यंत प्रशासनातील ९५ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मणेतर होते. १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले आणि १९१८ मध्ये कुलकर्णी व महार वतने रद्द झाली. गावपातळीवरील वंशपरंपरागत सत्ता व वेठ यांवर हा मोठा आघात होता.

समाजातील विषमता कायम असताना मिळणारे स्वराज्य मूठभरांच्या हाती जाईल, अशी शाहू महाराजांची धारणा होती. म्हणून त्यांनी जातवार प्रतिनिधित्वाचा पुरस्कार केला. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव ठेवण्यात आल्या. प्रजेत शिक्षणाचा पुरेसा प्रसार झाल्यास राज्यकारभार तिच्या हाती सोपविण्याची तयारी त्यांनी बोलून दाखविली होती. मात्र त्यांच्या हयातीत (मृत्यू १९२२) संस्थानात निर्वाचित विधिमंडळ आले नाही. यातून एक विसंगती निर्माण झाली. कोल्हापूरच्या सेवेतील भास्करराव जाधव व दिवाण अण्णासाहेब लठ्ठे हे पुढे मुंबई प्रांतात मंत्री झाले. परंतु ज्या संस्थानात त्यांनी अधिकारपदे भूषविली, तेथे मंत्र्याला लोकांपुढे जाब देण्याची व्यवस्थाच नव्हती.

प्रजा परिषद : फेब्रुवारी १९३९ मध्ये जयसिंगपूर येथे प्रजा परिषदेची स्थापना झाली. सत्यशोधक परंपरेत वाढलेले माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार हे तिचे प्रमुख नेते होत. शेतसाऱ्यात सूट व जबाबदार राज्यपद्धती या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. संस्थानी सरकारने त्यांना दडपशाहीने उत्तर दिले. बागलांना कारावास भोगावा लागला. याच वर्षी २१ जानेवारी रोजी औंधच्या पंतप्रतिनिधींनी ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेली राज्यघटना अंमलात आणली होती. अधिसत्ता दोन्हीकडे तीच होती. यावरून परकीय सत्तेने लोकशाहीचा मार्ग संपूर्णपणे अडविला होता असे म्हणता येत नाही. तिने निर्णय राजाच्या इच्छेवर सोडला होता आणि नकार देणाऱ्या राजाला तिचे संरक्षण होते.

संस्थानाचा शेवट : अधिसत्ता लोपल्यावर १९४७ च्या अखेरीस कोल्हापुरात लोकनियुक्त पक्षाचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाल्यानंतर संस्थानात ब्राह्मणांची घरे व मालमत्ता यांवर हल्ले व जाळपोळ झाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळ जाऊन प्रशासकाची नेमणूक झाली व १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. प्रौढ मताधिकार भारतीय संविधानाने आला. त्यानुसार झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नाप्पा कुंभार लोकसभेवर निवडून आले.

मूल्यमापन : शिक्षण व प्रशासनातील वाटा यांमुळे बहुजन समाजात हक्कांची जाणीव आली आणि प्रजा परिषदेला नेते व अनुयायी मिळाले. राजाज्ञेने शाळा काढता आल्या व वतने रद्द करता आली. तथापि भिन्न जातींनी एकत्र बसून सत्ता चालविण्याचा, पराभव पचविण्याचा आणि विरोधकाचे रक्षण करण्याचा सराव राजाज्ञेने होत नाही. तो सराव मिळण्यापूर्वीच जबाबदारी आली आणि पहिल्याच कसोटीच्या वेळी अल्पसंख्याकांना संरक्षण मिळू शकले नाही. सामाजिक समतेवाचून लोकशाही मूठभरांची होते, हा शाहू महाराजांचा इशारा खरा होता. परंतु समता प्रस्थापित होईपर्यंत राजकीय हक्क लांबणीवर टाकल्याने लोकशाहीच्या शिक्षणालाही विलंब होतो, हेही कोल्हापूरच्या इतिहासावरून दिसून येते.