‘पहिली कोण?’ या प्रश्नापलीकडची मेरी डिसोझा

कंधारच्या वर्गात खाशाबा जाधवांचे नाव उच्चारले की मागच्या बाकावरूनही उत्तर येते : हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्यपदक. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच मुंबई राज्यातून गेलेल्या मेरी डिसोझा यांचे नाव घेतले तर मात्र वर्ग शांत राहतो. हे अज्ञान एकट्या विद्यार्थ्यांचे नाही. आम्हां अध्यापकांचेही ते दीर्घकाळ होते.

मेरी यांचा जन्म १९३१ साली वांद्र्यात झाला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. तेथे २०० मीटर धावण्यात त्यांनी कांस्यपदक आणि रिलेत रौप्यपदक मिळवले. १९५४ साली मनिलात क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसोझा आणि व्हायोलेट पीटर्स यांच्यासह त्यांनी ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. शिवाय हॉकीतही त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले.

त्यांच्या वारशाविषयीचा वाद ‘पहिली’ या एका शब्दाभोवती फिरतो. हेलसिंकीत त्यांच्यासोबत बंगालची नीलिमा घोष होती. दोघीही १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत धावल्या आणि दोघीही तेथेच बाद झाल्या. कोणी नीलिमाला पहिली भारतीय महिला ऑलिंपिकपटू म्हणतो, कोणी मेरीला. तर १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे टेनिस खेळलेल्या नोरा पॉली यांच्याकडे बोट दाखवून कोणी दोघींचाही दावा खोडतो. एकाच दिवशी, एकाच शर्यतीच्या वेगवेगळ्या गटांत धावलेल्या दोन मुलींमध्ये काही मिनिटांच्या अंतरावरून मान वाटून देण्याने इतिहासाच्या पदरात काय पडते? त्या तेथवर पोहोचल्या कशा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

खाशाबांसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, ही कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. मेरी यांच्या प्रवासखर्चासाठी मित्रमंडळी व शेजाऱ्यांनी नृत्याचा कार्यक्रम आणि पत्त्यांचे डाव भरवून पैसे उभे केले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सरकारचा हात दोन्हीकडे आखडताच होता. दोघांनाही आपापल्या माणसांनीच हेलसिंकीला पोहोचवले. मग एक कथा लोककथा झाली आणि दुसरी हरवली, ती का?

पदक हे सोपे उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये शतांश सेकंदाने पदक हुकलेली पी. टी. उषा आपल्याला आठवतेच. आमच्या मते खरे कारण भाषेत आहे. १९५२ साली कंधार हैदराबाद राज्यात होते. आमच्यासाठी खाशाबा आणि मेरी दोघेही परराज्यातलेच. तरीही खाशाबा मराठीच्या वाटेने आमच्यापर्यंत आले. मेरी यांची वाट वांद्र्याच्या ख्रिस्ती समाजातून जात होती आणि त्या वाटेवर मराठी वाचक फारसा फिरकला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मेरी डिसोझा, रोशन मिस्त्री यांच्यासारख्या ख्रिस्ती-पारशी समाजांतील मुलींना खेळाची मोकळीक होती; त्यांचे यश महाराष्ट्रातील सर्वसामान्य स्त्रीचे म्हणावे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून मेरी यांचे कर्तृत्व उणे होत नाही, आपल्याच घरांतील बंद दारे तेवढी दिसतात. मुलीने आखूड कपड्यांत चारचौघांत धावणे ज्यांना रुचत नव्हते, त्यांनी पुढे धावलेल्या मुलीला ‘आपली नव्हे’ म्हणून स्मृतीतूनही वगळावे, हा अन्याय दुहेरी आहे.

मेरी यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, हेलसिंकीनंतर ६१ वर्षांनी. खाशाबांना तर अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच लाभला. शासनाच्या विलंबाबद्दल आपण हळहळतो. वाचक म्हणून केलेल्या विलंबाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव भारताचा ध्वज घेऊन चालल्या, तेव्हा येथे आनंद झाला. तो सांगताना आता आम्ही वर्गात १९५२ पासून सुरुवात करतो, आणि फळ्यावर खाशाबांच्या शेजारी मेरी डिसोझा यांचेही नाव लिहितो.