कोळशाहून काळा गाभा

१३ मार्च १९८६ ची रात्र. इटालियन चित्रकार जोत्तोचे नाव मिळालेले युरोपचे मानवरहित यान हॅलेच्या धूमकेतूकडे सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने निघाले होते. या वेगात धुळीचा कणही बंदुकीच्या गोळीसारखा. म्हणून यानाला दुहेरी ढाल होती: कण पुढच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आदळून फुटावा, उरलेला मारा मागच्या केव्हलरने झेलावा. ही युक्ती फ्रेड व्हिपल यांची. धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा, असे १९५० मध्ये मांडणारेही तेच.

परंतु धुळीआड दडलेला तो गाभा नेमका कोठे? पृथ्वीवरून ते पुरेसे अचूक सांगता येत नव्हते. ६ आणि ९ मार्चला सोव्हिएत ‘व्हेगा’ याने त्याच्याजवळून गेली. त्यांची छायाचित्रे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी दिली, त्या यानांची स्थाने अमेरिकी अँटेनांनी मोजली, आणि त्यावरून जोत्तोचा मार्ग बेतला गेला. शीतयुद्ध अजून संपले नव्हते, हे ध्यानात घ्यावे!

छायाचित्रांत दिसला तो सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, वेडावाकडा गाभा. सूर्याकडील बाजूने वायू आणि धुळीचे झोत उसळत होते. व्हिपल यांचा बर्फ खरा ठरला, पण वरचे कवच कोळशाहून काळे. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परावर्तित करणारे.

५९६ किलोमीटरच्या निकटतम बिंदूला काही सेकंद उरले असताना एका कणाने यान हेलकावले आणि संपर्क तुटक झाला. अर्ध्या तासाने तो सावरला; कॅमेरा मात्र कायमचा निकामी झाला. १९९२ मध्ये जोत्तो ग्रिग–स्केलरप या दुसऱ्या धूमकेतूजवळून गेले, तेही आंधळेपणाने.